घर, पेढी आणि पाटी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलायला बोलावले, तेव्हा संपांचा आणि मोर्च्यांचा इतिहास ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असणार. तो मी या शहरात पूर्वी सांगितला आहे आणि पुन्हाही सांगेन. आज मात्र हिशेबनीसाच्या टेबलावर शोभावा अशा एका रूक्ष प्रश्नाचा इतिहास सांगण्याचे मी ठरवले आहे. धंद्याचा पत्ता कोणता असावा? राहत्या घराचा, की घरापासून वेगळा?

प्रश्न माझा नाही. गेल्या काही वर्षांत वसमत, कळमनुरी, सेनगाव या भागांतल्या तरुण शेतकऱ्यांनी हळद आणि सोयाबीन विकण्यासाठी लहान लहान कंपन्या काढल्या. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीची सोय २००२ सालच्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात झाली. दहा उत्पादक एकत्र आले की तिची नोंदणी करता येते. ही मुले अर्ज घेऊन माझ्याकडे येतात, कारण हमालांचे अर्ज भरून भरून माझा हात त्या कामात बसला आहे, आणि मी त्याचे पैसे घेत नाही. नोंदणीकृत कार्यालयाच्या रकान्यापाशी आले की त्यांची लेखणी थांबते. "काका, घराचाच पत्ता टाकू ना? भाडे वाचेल." कायद्याने चालते का, तर चालते. राहत्या घराला कायद्याची मनाई नाही. मग अडले कुठे? ते सांगायला मला दोनअडीचशे वर्षे मागे जावे लागते, आणि तेवढा वेळ त्या मुलांना नसतो. आपल्याला आज संध्याकाळी तो आहे.

आपल्या मराठवाड्यातला जुना माळवदाचा वाडा आठवा. दिंडीतून आत शिरले की ढाळज. ढाळजेत गादी, तक्क्या, उतरते मेज, वहीचे गाठोडे. पुढे अंगण, त्यापलीकडे माजघर, देवघर, आणि भिंतीच्या पोटात धान्याची बळदे. सावकारी, आडत, देशमुखी, पाटीलकी जे काय असेल ते ढाळजेत चाले आणि त्याची कमाई बळदात जाई. मध्ये कोणतीही भिंत नव्हती. सुताराचा नेट, कुंभाराचे चाक, शिंप्याची कात्री यांची तीच गोष्ट. ज्या दामाशेटींच्या घरी नामदेव महाराज वाढले ते घर शिंप्याचे, आणि परंपरेने ते आपल्या नरसीचे. त्या घरात कापड बेतणे एका जागी आणि संसार दुसऱ्या जागी असे काही असेल हे मनातही येत नाही. लमाणांच्या तांड्याकडे पाहिले तर तिथे जागा हीच वस्तू नाही. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य, आणि मागे बायकापोरे. व्यापार चालला की घरही चालले.

त्या काळी दूरच्या पैशाला पत्ता लागत नव्हता असे मात्र नव्हे. हुंडी लिहिली जाई ती गाव आणि पेढीचे नाव एवढ्यावर. शहाजोग हुंडी असेल तर ती आणणारा माणूस बाजारातला पतदार असावा लागे, आणि तो तसा आहे की नाही हे पेढीवाल्याने पाहायचे. म्हणजे पत्त्याचे काम पत करीत होती. गाव लहान, माणसे ओळखीची, मुनीम पिढीजात. घर आणि पेढी एक असण्यात सोय होती, आणि मी तर म्हणेन की अब्रूही होती. वाडा दिसतो आहे, माणूस पळून कुठे जाणार?

आपल्या हिंगोलीत या गोष्टीला एक वेगळे वळण लागायला हवे होते. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी येथे होती, ती १९०३ पर्यंत. पलटण, रिसाला, तोपखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे आपण रोज उच्चारतो. ती त्या छावणीची देणगी. कोण काय काम करतो त्यावरून तो कुठे राहणार हे ठरे. तोफेवरचा माणूस तोपखान्यात, घोडेस्वार रिसाल्यात, निवृत्त झाला की पेन्शनपुऱ्यात, आणि त्या सर्वांना डाळतांदूळ विकणारा सदर बाजारात. पण गंमत अशी की विभागणी झाली ती गावाची. घराची झाली नाही. सदर बाजारातला दुकानदार खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असाच राहिला. आजही त्या रस्त्याने संध्याकाळी गेलात तर दुकानाच्या मागच्या दारातून फोडणीचा वास येतो. मला तो आवडतो. पण इतिहास वासावर लिहिता येत नाही.

आता १८७५ सालाकडे येतो. या सालाचा आपल्या आजच्या सभेशीही संबंध आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे महाराष्ट्रात गावोगाव ज्या व्याख्यानमाला निघाल्या, आणि ज्यांपैकी एकीच्या मांडवात आपण बसलो आहोत, त्यांची ती आजी. त्याच मे महिन्यात, १२ तारखेला, पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावी बाजारच्या दिवशी कुणबी जमले आणि सावकारांच्या दारांवर चालून गेले. त्यांनी मागितले काय? वह्या आणि कर्जरोखे. दिले त्यांच्या अंगणात कागदांची होळी झाली. धान्याची दुकाने लुटली गेली, आणि काही ठिकाणी घरांनाही आग लागली. हे लोण पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरले. फौज आली, शेकडो लोक पकडले गेले. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने नोंदले की माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फारच थोडे झाले. लोकांचा रोख कागदांवर होता.

दख्खनचे दंगे म्हणून हा भाग शाळेच्या पुस्तकात येतो, आणि सावकारी, कर्ज, कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला सारा ही कारणे विद्यार्थी पाठ करतात. ती खरीच आहेत. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि इकडच्या कापसाला आलेली तेजी ओसरली. कर्ज मात्र तेजीच्या हिशेबाने काढलेले. पण मी वेगळ्याच गोष्टीपाशी थांबतो. कागद कुठे होते? ते घरात होते. ज्या पेटीत सुनेचे दागिने, त्याच पेटीत किंवा तिच्या शेजारी कुळाचा रोखा. रोखा जाळायचा तर घरात शिरल्याशिवाय गत्यंतर नव्हते. ज्याचे भांडण पेढीशी, तो माजघरापर्यंत पोहोचला. आत बसलेल्या बाईने आयुष्यात एकाही कुळाचे व्याज लावलेले नसेल, पण धूर तिच्या डोळ्यांत गेला.

सुप्याच्या आधीच्या हिवाळ्यात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी झालेला प्रकारही असाच बोलका आहे. तिथे लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. व्यवहार बंद केला एवढेच नव्हे, तर न्हावी, परीट, पाणक्या यांनीही त्याच्या घरचे काम सोडले. बहिष्कार हे आम्हां संघटनेच्या लोकांचे हत्यार आहे आणि मी त्याची निंदा करणार नाही. परंतु पाहा, हत्यार उगारले धंद्यावर आणि पाणी तुटले घराचे. कारण लोकांच्या लेखी ती दोन नव्हतीच. मालकाने ज्या दोन गोष्टी एक करून ठेवल्या, त्या कुळांनी वेगळ्या का कराव्यात?

सरकारने पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, कुळाला हिशेबाचा उतारा मिळावा वगैरे तरतुदी केल्या. तो निजामाच्या मुलखात, म्हणजे आपल्याकडे, नव्हता. पण बाजाराची जागा सावकाराच्या दारातून उठवण्याचा एक धडा आपल्या अगदी शेजारी घालून दिला गेला होता. आजच्या वाशीम जिल्ह्यातले कारंजा. वऱ्हाड त्या वेळी निजामाचे, पण कारभार इंग्रजांकडे. तेव्हा १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रित झाला. हिंदुस्थानातला हा असा पहिला बाजार म्हणतात. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच आला. हैदराबाद संस्थानात तसा कायदा व्हायला १९३० साल उजाडले, आणि आज आपण ज्याखाली आलो तो महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा.

नियंत्रित बाजार म्हणजे काय, हे मी हमालाच्या डोळ्यांनी सांगतो. व्यापाऱ्याच्या वाड्यात गाडी शिरली आणि दिंडी लागली, की आतला काटा व्यापाऱ्याचा, माप व्यापाऱ्याचे, आणि रुमालाखाली बोटे दाबून ठरलेला भावही त्याचा आणि दलालाचा. पावसाचे चार थेंब पडले की "माल ओला आहे" म्हणून कडता. आतिथ्य म्हणून चहा दिला जाई, आणि चहा प्यालेला माणूस काट्याबद्दल कसा बोलेल? तो दुसऱ्याच्या घरात बसला आहे ना! यार्डात आल्यावर काटा चार माणसांच्या समोर आला. ओरडायला आकाश मोकळे झाले. सगळी लबाडी गेली असे मी म्हणणार नाही. माझी निम्मी हयात उरलेल्या लबाडीशी भांडण्यात गेली आहे. तरीही ज्याला दाद मागायची त्याला उभे राहायला स्वतःची जमीन मिळाली. आपल्या हिंगोलीच्या हळद बाजाराला संत नामदेवांचे नाव आहे. घरात बसून शिवणारा तो शिंपी, आणि त्याच्या नावाने उघड्यावरचा लिलाव. हे कोणी ठरवून केलेले नाही, पण मला त्यात मौज वाटते.

आता घरावरच्या दुसऱ्या संकटाकडे वळू. दंगा रोज होत नाही, जप्ती होते. मिताक्षरा हा ग्रंथ आपल्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणी नगरीत, चालुक्यांच्या राज्यात, विज्ञानेश्वराने लिहिला. त्या परंपरेत बापाचे कर्ज फेडणे हा मुलाचा, नातवाचा, पणतवाचा धर्म मानला गेला. धर्म म्हणून तो उदात्तच. पण इंग्रजी न्यायालयांनी तो उचलून डिक्रीला जोडला, आणि बापाने धंद्यात केलेले कर्ज एकत्र कुटुंबाच्या घरावर येऊन बसू लागले. अनैतिक कामासाठी काढलेले कर्ज तेवढे सुटे. म्हणजे घर वाचवायला मुलाने कोर्टात उभे राहून बाप जुगारी होता हे शाबीत करायचे! नव्या कर्जांपुरती ही रीत बंद झाली ती २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने. मुलींना जन्मतः हक्क देणारा म्हणून तो कायदा प्रसिद्ध आहे. त्याच कलमात ही ओळही आहे, ती फारसे कोणी वाचत नाही.

आणखी एक कलम सांगतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे. शेतकरी, मजूर किंवा घरगडी आपल्या मालकीच्या ज्या घरात स्वतः राहतो, ते घर पैशाच्या डिक्रीपोटी जप्त करून विकता येत नाही. गहाण टाकले असेल तर गोष्ट वेगळी. हे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पोत्यावरून उठून उभा राहिलो होतो. पण त्यात एक नाव नाही. दुकानदाराचे. शेतकऱ्याचा मुलगा शेती सोडून व्यापारात उतरला, की बापाचे छप्पर ज्या कलमाने राखले ते त्याच्या डोक्यावर राहत नाही. आपले तरुण धंद्यात उतरतात त्याचा मला आनंद आहे. त्यांनी हे एवढे वाचून उतरावे.

मग धंदेवाल्याचे घर राखायचे कसे? या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाने जे उत्तर दिले त्याचे नाव मर्यादित जबाबदारीची कंपनी. इंग्लंडात नोंदणीचा कायदा १८४४ चा, आपल्याकडे १८५० चा; मर्यादित जबाबदारी आपल्याकडे १८५७ साली आली. पुढे १८८२, १९१३, १९५६ आणि २०१३ असे तिचे अवतार झाले. कल्पना अशी की धंदा हाच एक माणूस मानायचा. त्याचे देणे त्याचे, भागीदाराचे देणे भागापुरते. १८९६ साली लंडनच्या सरदारगृहापुढे अ‍ॅरन सालोमन नावाच्या जोडे करणाऱ्याचा खटला आला. त्याने आपले दुकान कंपनीला विकले, आणि त्या कंपनीत २०,००७ भागांपैकी २०,००१ भाग त्याचे स्वतःचे, उरलेले सहा बायकामुलांचे. कंपनी बुडाली. धनको म्हणाले, ही कसली कंपनी, हा तर सालोमनच कोट उलटा घालून उभा आहे. न्यायाधीशांनी सांगितले की नाही, कायद्याने कंपनी निराळी आणि सालोमन निराळा. जगातल्या सगळ्या लहान कंपन्या त्या निकालाच्या छायेत उभ्या आहेत.

आता हा जो नवा माणूस कायद्याने जन्माला घातला, त्याला हात नाहीत, तोंड नाही, बाजारात तो दिसत नाही. त्याच्याकडे पैसे मागायचे तर जायचे कुठे? म्हणून त्याला दार दिले. १८६२ च्या इंग्रजी कायद्यातच हे आले: प्रत्येक कंपनीला एक नोंदलेली कचेरी असेल, तिथे पत्र टाकले की कंपनीला पोहोचले असे समजायचे, आणि दारावर कंपनीचे नाव रंगवलेले असेल. आपल्या २०१३ च्या कायद्याचे बारावे कलम त्याच वंशातले. त्यात एक चांगली गोष्ट अशी की पाटीवरची लिपी तिथल्या लोकांची नसेल तर लोकांच्या लिपीतही नाव लिहावे लागते. वाचता न येणारी पाटी ही पाटी नव्हे, हे कायद्याला कळले.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की मी कंपन्यांची तरफदारी करतो आहे. थांबा. मुंबईत १८५४ साली कावसजी दावरांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढे गिरण्या फोफावल्या. मग कामगारासमोर पत्ते किती झाले? गिरणी परळ-लालबागेत, कंपनीची कचेरी कोटात, मालकाचा बंगला मलबार टेकडीवर. घर आणि धंदा पुरे वेगळे झाले, मालकाचे घर कायमचे सुरक्षित झाले. कामगाराला मात्र यांतला एकही दरवाजा उघडा नव्हता. त्याला ठाऊक असलेला मालक म्हणजे मुकादम, आणि मुकादम भेटे तो चाळीच्या जिन्यात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला, आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. त्या चळवळीचा पहिला पराक्रम मला हाच वाटतो की तिने गाऱ्हाण्याला पाठवायला पत्ता शोधला.

संघटनेलाही पत्ता लागतो बरे का. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने तो सक्तीचा केला, आणि बदलला तर चौदा दिवसांत निबंधकाला कळवा असे सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू होऊन तो कायदा त्यांत विरला, पण कचेरीची गरज विरली नाही. आमच्या हमालांच्या संघटनेचा पहिला पत्ता यार्डाबाहेरच्या एका चहाच्या हॉटेलाचा होता. लोक हसत. परंतु पुढाऱ्याच्या घरी पत्ता ठेवायचा नाही, हा ठराव आमच्या अंगठेबहाद्दर सभासदांनी एकमताने केला होता. त्यांचा विचार सरळ होता. पुढारी रुसला, फुटला किंवा मेला, तर शिक्का, पावतीपुस्तक आणि सभासदांचे रजिस्टर त्याच्या कपाटात राहणार, आणि त्याची बायको दारातून सांगणार की "ते घरी नाहीत". पुढारी म्हणजे मीच, हे वेगळे सांगायला नको. हॉटेलवाला मात्र रोज पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत घरी असे.

आता गोष्टीची दुसरी बाजू. ज्यांनी आपले घर धंद्यापासून वेगळे केले त्यांतल्याच काहींनी कारखाना उचलून कामगाराच्या घरात नेऊन ठेवला. विडीचा धंदा पाहा. सिन्नर, सोलापूर, नगर, गोंदिया, कामठी. पान आणि तंबाखू घरी द्यायचा, विड्या वळून आणून द्यायच्या. जागा बाईची, दिवा बाईचा, सूप बाईचे, मदतीला मुले तिची, आणि तंबाखूची धूळ तिच्या पाळण्यावर. कारखान्याचे कायदे लागू करायला गेले की मालक विचारी, कारखाना आहे कुठे? १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला. त्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार म्हटले, आणि स्वतःच्या घरात स्वतःच्याच कुटुंबासह स्वतःसाठी धंदा करणाऱ्याला सोडून दिले. ही रेषा किती नेमकी आहे ते पाहा. चूल तीच, सूप तेच. माल कोणाचा आणि कोणासाठी, एवढ्यावर घराचा कारखाना होतो किंवा होत नाही. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले, आणि १९७४ साली तो कायदा वैध ठरला. हाही कायदा आता नव्या संहितेत मिळाला आहे.

त्याच्या एक वर्ष आधी, १९७३ साली, शिंप्यांचा एक खटला त्याच न्यायालयाने ठरवला. तो हैदराबादकडचा, आणि १९५१ च्या हैदराबादी दुकान कायद्याखालचा, म्हणून मला जवळचा वाटतो. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस असे दुकानाचे नाव. मालक म्हणाले की हे कारागीर नगावर पैसे घेतात, येतात-जातात मनाला येईल तेव्हा, काही तर कापड घरी नेऊन शिवतात. हे आमचे नोकर कसे? न्यायालयाने पाहिले की यंत्रे दुकानाची, शिवण पसंत पडली नाही तर उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार दुकानाचा. तेव्हा नाते मालक-नोकराचेच.

आणि हेच घरकाम सुखाने कसे चालू शकते त्याचाही दाखला मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात बायका ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. तिथेही पापड घरोघर लाटले जातात. पण पीठ केंद्रावर मळले जाते, पापड केंद्रावर तोलून घेतले जातात, आणि लाटणारी बाई त्या संस्थेची मालकीण असते. आरंभ गच्चीवर झाला, सातांपैकी कोणा एकीच्या स्वयंपाकघरात नव्हे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एकीच्या घरी झाला असता तर पहिल्या भांडणाला लाटणी कोणाची, आणि संस्था कोणाची, हा प्रश्न आलाच असता.

तेव्हा त्या तरुणांना मी काय सांगतो? एक खटला सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या अकरा हमालांची हंगामाची मजुरी एका लहान कंपनीकडे थकली. कंपनीचे नाव घेत नाही. नोंदलेला पत्ता संचालकाच्या राहत्या घराचा, दुसऱ्या जिल्ह्यातला. आम्ही नोंदणी टपालाने नोटीस पाठवली, लिफाफा परत आला, "सदर पत्त्यावर अशी कंपनी नाही." दुसऱ्यांदा पाठवला, "घर बंद." तिसऱ्यांदा मी स्वतः दोन हमाल घेऊन गेलो. दार एका म्हाताऱ्या बाईने उघडले. मुलाने कंपनी काढली हे तिला माहीत होते. तिचेच घर कंपनीचे कार्यालय आहे हे माहीत नव्हते. ती घाबरली. आम्हांला पाणी दिले, आणि आम्ही वसुलीचे लोक आहोत असे समजून हातातली पाटली चाचपू लागली. आम्ही तिघे खाली मान घालून परतलो. मजुरी पुढे दीड वर्षाने निम्मीशिम्मी मिळाली. घर आणि पेढी एक ठेवली म्हणजे काय होते, ते त्या दारात मी दोन्ही बाजूंनी पाहिले. येणे असणाऱ्याला मालक सापडला नाही, आणि ज्या म्हातारीचा संबंध नाही ती सापडली.

सरकारलाही हा रोग ठाऊक आहे. नुसत्या कागदावर असलेल्या कंपन्यांवर हत्यार उपसून २०१७ साली दोन लाखांवर कंपन्या नोंदवहीतून काढल्या गेल्या, आणि पुढच्या दुरुस्तीने निबंधकाला प्रत्यक्ष जाऊन कचेरी तपासण्याचा अधिकार मिळाला. उलट महाराष्ट्रात दुकानांचा जो १९४८ चा कायदा लहानात लहान दुकानालाही नोंदणी करायला लावी, त्याच्या जागी २०१७ साली नवा कायदा आला आणि त्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीतून मोकळे करून फक्त कळवण्यावर सोडले. व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे मत निराळे आहे. लहान दुकानातल्या पोराला नोंदवहीतला पत्ता हाच आधार असतो.

वेगळी जागा घेतली म्हणजे घर आपोआप वाचते असे मात्र कोणी समजू नये. बँकेने कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी घेतली, की सालोमनचा निकाल त्या कर्जापुरता बासनात गेला. घर वाचवायचे ते सही करण्यापूर्वी वाचूनच. वेगळ्या जागेने होते ते इतकेच: वह्या एका जागी राहतात, कंपनीचे वीजबिल आणि घरचे वीजबिल एकमेकांत मिसळत नाही, भाऊ वाटणी मागायला उठले तर कंपनीच्या खुर्च्या वाटणीत जात नाहीत, आणि मंत्रालयाच्या नोंदवहीत, जी कोणीही उघडून पाहू शकतो, तुमच्या लेकराबाळांच्या घराचा पत्ता छापला जात नाही.

जागा कोणती घ्यावी? तालुक्याच्या गावी एक खोली पुरते. माडीवरची नको, म्हातारा शेतकरी जिना चढत नाही आणि पोस्टमनही कुरकुरतो. दहा संचालकांपैकी कोणाच्याही भावकीतली नको. भाडेकरार लेखी, जागामालकाचे संमतिपत्र, दोन महिन्यांच्या आतले वीजबिल, ही तीन कागदे नोंदणीला लागतातच, म्हणून करार आधी आणि अर्ज मागून. गोदाम यार्डाजवळ किंवा लिंबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निराळे असेल, तर तेही कराच्या नोंदणीत जादा जागा म्हणून दाखवावे. माल तिथे आणि कागद इथे असला की वाहन अडते, आणि अडलेल्या वाहनाखाली हमाल उपाशी बसतो. एकट्याला भाडे जड जात असेल तर दोन-तीन कंपन्यांनी मिळून एक खोली घ्यावी. पाट्या मात्र प्रत्येकीची वेगळी लावावी.

वसमतकडच्या अशाच एका हळदवाल्या मंडळींनी गेल्या हंगामात बसस्थानकापासून चालत जाता येईल अशी दहा बाय बाराची खोली घेतली. अध्यक्षांच्या वडिलांना ते पटले नव्हते. घरची ढाळज रिकामी असताना भाडे कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. पाटी रंगवायला दिली तेव्हा पेंटरने विचारले की अध्यक्षांचे नाव वर मोठे घालू का. मुलांनी सांगितले, कंपनीचे घाल, आणि खाली उघडण्याची वेळ घाल. पहिल्या आठवड्यात टपालाने एक वीजबिल आले, आणि एक तक्रार आली: सोळा क्विंटलच्या पट्टीत वजन कमी धरल्याची. तक्रार करणारा सभासद ती पट्टी घेऊन दुसऱ्या दिवशी स्वतः आला आणि बाकावर बसून राहिला. वही काढून दोघांनी आकडे ताडून पाहिले.